बरी हायेत

भाऊबीज आटोपून पुण्याला परत निघताना लेकीनं माझ्या हातात एक वही ठेवली. जाड पुठ्ठ्याची, आत सायीसारखे कागद, वर सोनेरी अक्षरांत ‘कृतज्ञता’. जन्मभर कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवल्यामुळे माझी नजर आधी शुद्धलेखनावर गेली. ते बरोबर होतं. मग किमतीवर गेली. ती तिनं पेनानं खोडली होती, पण पुठ्ठा उजेडात तिरका धरला की दिसत होती. तेवढ्यात आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून शंभर पानी वह्यांचा डझन आला असता.

‘‘बाबा, रोज सकाळी बाहेर पडायचं, निसर्गात काय दिसतं ते बघायचं आणि तीन गोष्टी लिहायच्या. ज्यांच्याबद्दल मनापासून आभार वाटतात अशा. एकदा लिहिलेली गोष्ट परत लिहायची नाही. थंडी संपेपर्यंत करून बघा. मन हलकं होतं.’’

‘‘माझं मन जड आहे असं कोण म्हणालं?’’

लेकीनं आईकडं पाहिलं आणि आई अतिशय मन लावून डब्यात चकल्या भरू लागली.

अडचण आळसाची नव्हती, भाषेची होती. आमच्या बारामती-इंदापूरकडं आभार दोनच ठिकाणी मानतात. एक, सभेच्या शेवटी. तेव्हा निम्मी सभा चपला शोधत असते. दुसरं, निवडणुकीनंतर फ्लेक्सवर. एरवी कुणी कुणाचे आभार मानले तर ऐकणाऱ्याला आपलं काही चुकलं की काय, अशी शंका येते. कौतुकाचंही तसंच. उसाला एकरी सत्तर टन उतारा पडला, पोराला नोकरी लागली, म्हैस दोन्ही वेळेला भरपूर दूध देते, आणि माणसाला विचारलं, ‘‘काय, कसं काय?’’ तर उत्तर येतं, ‘‘बरं हाय.’’ याच्या वर आमच्याकडं श्रेणी नाही. ‘‘चाललंय’’ म्हणजे चांगलं चाललंय. ‘‘काय सांगायचं आता’’ असं म्हणून माणूस पुढं अर्धा तास बोलला, तर समजावं की त्यानं नवीन ट्रॅक्टर घेतलाय. आणि कुणी ‘‘एकदम मस्त, मजेत’’ म्हणाला तर तो एक तर विम्याचा एजंट असतो किंवा घरातून भांडून आलेला.

अशा माणसानं रोज तीन आभार आणायचे कुठून?

पहिल्या दिवशी सहा वाजता स्वेटर, त्यावर मफलर, त्यावर कानटोपी अशा बंदोबस्तात गच्चीवर गेलो. नोव्हेंबरातली बारामतीची पहाट. कऱ्हा नदीच्या बाजूनं धुई पसरली होती. लिहिलं : १) थंडी पडली. आता डास कमी होतील. २) पाण्याच्या टाकीच्या पलीकडं सूर्य उगवला. वेळेवर. ३) तिसरं काही सुचेना. तेवढ्यात टाकीतून ओघळलेल्या पाण्याच्या डबक्यापाशी एक काळा-पांढरा पक्षी तुरुतुरु चालत आला. दोन पावलं चालायचं आणि शेपटी वरखाली आपटायची. पुन्हा दोन पावलं, पुन्हा शेपटी. जणू धुणं बडवतोय. हा परीट, म्हणजे धोबी पक्षी. हिमालयाकडून आणि त्याच्याही उत्तरेकडून हा इथं हिवाळा काढायला येतो. एवढ्या लांबून, बोटभर जीव, आणि उतरला कुठं, तर माझ्या गळक्या टाकीपाशी. मी भारावून गेलो. जिना दोन-दोन पायऱ्या उतरून खाली आलो आणि बायकोला वर्दी दिली.

‘‘तो होय? तो दर वर्षी येतो,’’ ती पोहे परतता परतता म्हणाली. ‘‘टाकी पाच वर्षं गळतीय. तुम्हाला पक्षी दिसला, गळती दिसली नाही.’’

आभाराच्या पोटी प्लंबर आला तो असा. टाकी दुरुस्त झाली, डबकं आटलं आणि परीट शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेला. वहीच्या दुसऱ्या पानावर मी शेजाऱ्यांच्या गळक्या टाकीचे आभार मानले.

चतुर्थीला मोरगावला गेलो. येताना वाकडी वाट करून सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात डोकावलो. १९९७ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य पाच चौरस किलोमीटरच्या जरासं वर. ज्यांनी ताडोबा पाहिलाय ते इथं येऊन ‘जंगल कुठाय?’ असं विचारतात. जंगल नाहीच. पिवळं गवत, खुरटी झाडं, माळ. आमच्या तालुक्याचं हे दुसरं तोंड. इंग्रजांनी १८८०च्या दशकात नीरा डावा कालवा काढला, त्याच्या खालचे आम्ही बागायतदार. आणि कालव्याचं पाणी जिथं पोचलं नाही तो जिरायत पट्टा अजून आभाळाकडं बघत बसलेला. चिंकाऱ्याला मात्र हाच पट्टा लागतो. एक दिसला. बँकेतला कॅशिअर जेवणाच्या सुट्टीत काउंटरपुढच्या माणसाकडं बघतो, तसं त्यानं आमच्याकडं पाहिलं आणि पाठ फिरवली. वहीत नोंद केली. बायको म्हणाली, ‘‘त्याचे आभार कशाबद्दल?’’ म्हटलं, ‘‘पाठ फिरवायच्या आधी थांबला, याबद्दल.’’

डिसेंबर लागला आणि वही अडखळायला लागली. कारण डिसेंबर हा आमच्याकडं निसर्गाचा कमी आणि उसाचा जास्त. रात्री तीन वाजता दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर गाण्याच्या भोंग्यासकट घरावरून जातो. गाणं येताना ऐकू येतं, जाताना ऐकू येतं, आणि ते कुठलं होतं हे आठवण्यात उरलेली झोप जाते. वारा फिरला की मळीचा वास घरात येतो. पाहुणे नाक दाबतात. आम्हाला तो आला नाही की चुकल्यासारखं होतं. एका पहाटे या ट्रॅक्टरवर चांगली पानभर तक्रार लिहायची असं ठरवून फिरायला निघालो. रस्त्याकडेच्या फडात तोड चालली होती. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको. आमच्याकडं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. ती दोघं वाकलेली, आणि बांधावर पाचटाच्या शेकोटीपाशी वर्ष-दीड वर्षाचं पोर माझ्यासारखीच कानटोपी घालून बसलेलं. मी थांबलो म्हणून ते हसलं. ‘‘लई थंडी हाय वो,’’ बाई म्हणाली, ‘‘या की शेकायला.’’ मी पाच मिनिटं हात शेकले. त्या दिवशी वहीत काही लिहिलं नाही.

नाताळच्या सुट्टीत लेक दोन दिवस आली आणि आम्ही भिगवणला निघालो. भिगवणची ख्याती दोन गोष्टींसाठी, मासळी आणि फ्लेमिंगो. मासळी हमखास मिळते.

फ्लेमिंगोचं गणित समजायला आधी उजनी धरण समजावं लागतं. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं. पाण्याची फूग इंदापूर, करमाळा, दौंडपर्यंत पसरली आणि नदीकाठची गावंच्या गावं उठली. उजनीइतका चमत्कारिक विद्यार्थी मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. याला शंभरपैकी शंभराहून जास्त गुण पडतात, आणि नापास झाला तर शून्यावर थांबत नाही, उणे होतो. आमच्याकडं हिवाळ्यानंतर चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न असतो, ‘‘धरण मायनसमधी गेलं का?’’ कारण तळाचं ६३ टीएमसी पाणी मृतसाठा म्हणून हिशेबातच धरत नाहीत. त्याच्या वरचं उपयुक्त पाणी ५३ टीएमसी. मेलेलं जिवंतापेक्षा जास्त. २०२४ साली जूनच्या सुरुवातीला हे बाळ उणे साठ टक्क्यांच्या आसपास होतं आणि ऑगस्टात शंभरी ओलांडून मोकळं झालं. एवढी प्रगती एखाद्या मुलानं दोन महिन्यांत दाखवली असती, तर आम्ही आधी त्याची कॉपी धरली असती.

आता फ्लेमिंगो. मराठीत याला रोहित म्हणतात, अग्निपंखही म्हणतात. कुंभारगावचे होडीवाले ‘फ्लेमिंगो’च म्हणतात. हा उंच टांगांचा पक्षी उथळ पाण्यात उभा राहून जेवतो. पाणी खोल असलं तर त्याचा पाय टेकत नाही आणि खालचा चिखल हाती लागत नाही. म्हणजे पाऊस झकास झाला, धरण काठोकाठ भरलं, शेतकरी खूश झाला, की फ्लेमिंगो उशिरा येतो. दुष्काळ पडला, पाणी मागं सरलं, की हा लवकर हजर. इंदापूर तालुक्यात पुण्याचे पक्षीप्रेमी आणि गावचे शेतकरी एकाच धरणाकडं बघून देवाला उलट-सुलट प्रार्थना करत असतात. देवाचंही अवघडच.

मेहुण्याला आदल्या दिवशी फोन केला होता. त्याचं गाव पळसदेव. ‘‘या की दाजी. पर पाखरं बघायला येत असाल तर औंदा पाणी लई हाय. एकबी फ्लेमिंगो न्हाय.’’ आवाजात खेद होता. पण तो पाणी जास्त असल्याचा असणं शक्यच नव्हतं. मला वाटतं, तो आनंद होता.

कुंभारगावच्या काठावर पहाटे सहालाच जत्रा. पुण्या-मुंबईच्या गाड्या, चहाचे स्टोव्ह, कळशीएवढ्या लेन्सा. होडी चालवणारी पोरं मच्छीमारांची. बापानं चिलापीमागं घालवलेली नजर पोरांनी पक्ष्यांवर वळवली, आणि आता त्यांना तीनशे फुटांवरचं बदक नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतं. आमच्या होडीत पुण्याचे एक गृहस्थ होते. अंगावर झाडाझुडपांच्या नक्षीचे कपडे. त्या चहूकडच्या पाण्यात तेवढे एकटेच झाड दिसत होते. त्यांनी विचारलं, ‘‘फ्लेमिंगो साधारण किती वाजता येतात?’’

‘‘निघालेत म्हनं कच्छातनं,’’ पोरगा वल्हं मारत म्हणाला.

होडी मध्यावर आली तशी कुरव पक्ष्यांची पांढरी झुंबड उडाली. लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांवर जन्मलेले हे पक्षी, आणि माणसं त्यांना गाठी-शेव टाकत होती, फोटोत ते हवेत झेलताना छान दिसतात म्हणून. पक्ष्यांनीही काही तक्रार केली नाही. परप्रांतात आल्यावर जे ताटात पडेल ते खायचं, हे हॉस्टेलला राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरी लेकीनं होडीवाल्याला दटावलं. तेलकट त्यांना सोसत नाही, म्हणाली. मला तिचा अभिमान वाटला. मी खिशातला चिवडा तसाच खिशात ठेवला.

दूरवर पट्टकादंब दिसले. राखाडी हंस, डोक्यावर दोन काळे पट्टे. हे हिमालय ओलांडून येतात. त्यांना माग काढणारी यंत्रं बांधून अभ्यासकांनी मोजलंय, सात हजार मीटरच्या उंचीवरून उडतात. चार कळसूबाई एकीवर एक ठेवल्या तरी हा वरून जाईल. आणि एवढं सगळं करून इथं आल्यावर काय करतो? लोकांच्या हरभऱ्यात घुसतो. पोरगा म्हणाला, ‘‘आमच्या चुलत्याचा अर्धा एकर साफ केला.’’ मी वहीत लिहिलं : ‘हिमालय ओलांडणाऱ्या पंखांबद्दल.’ पोरगा डोकावून बघत म्हणाला, ‘‘हरभऱ्याचं बी लिवा.’’

मग पाण्यावर काळ्या पक्ष्यांचा एक भला मोठा थवा. कपाळावर पांढरा टिळा. हा वारकरी! पक्ष्याचं नावच मराठीत वारकरी आहे. आषाढाच्या तोंडावर तुकोबांची पालखी बारामतीवरून सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला येते; बेलवाडीला आणि इंदापुरात रिंगण होतं. ते वारकरी पुढं पंढरपूरला जातात. आणि हिवाळ्यात हे टिळेवाले इथंच मुक्कामाला. शांत, एका रांगेत, मध्येच बुडी. बायकोनं नकळत हात जोडले. मग लक्षात आलं, की ती पक्ष्यांकडं बघतच नव्हती. पाण्याकडं बघत होती, पूर्वेकडं.

‘‘तिकडं खाली जुनं पळसदेव,’’ ती लेकीला म्हणाली. ‘‘तिथं आमचं घर होतं. पळसनाथाच्या देवळामागं चिंच होती. पाणी आलं तेव्हा मी चौथीत-पाचवीत असेन. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देऊळ वर येतं. चिंच नाही येत.’’

झाडाच्या नक्षीचे कपडे घातलेल्या गृहस्थांनी दुर्बीण खाली घेतली. होडीत कुणी काही बोललं नाही. पोरानंही इंजिन लावलं नाही, वल्ही मारतच काठाला आणलं.

दुपारी चिलापी तळलेली आणि बाजरीची भाकरी. ते सगळं वहीत एका ओळीत बसलं.

लेक पुण्याला गेली. आम्ही दोघं मेहुण्याकडं मुक्कामाला राहिलो आणि मी एक चूक केली. रात्री जेवताना म्हणालो, ‘‘तुम्हा लोकांचं बरं आहे. कायम निसर्गात.’’ मेहुण्यानं माझ्याकडं पाहिलं. म्हणाला, ‘‘ह्या आठवड्यात लाईट रात्रीची हाय. गव्हाला पाणी द्यायचंय. येता का दाजी निसर्गात?’’

रात्री बाराला थ्री फेज आली. शेतकऱ्याच्या भाषेत याला ‘दारं धरणं’ म्हणतात. पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायला फावड्यानं मातीची दारं उघडायची आणि बुजवायची. ऐकायला घरगुती वाटतं. प्रत्यक्षात पाणी बर्फासारखं, चिखलात पाय नडगीपर्यंत, हातात बॅटरी, आणि ती फक्त सापासाठी पेटवायची, शेल जपायचे. पाऊण तासानं माझ्या पायांचा आणि माझा संबंध संपला. मेहुणा लुंगी वर खोचून अनवाणी फिरत होता आणि एकसारखा बोलत होता. लाईटच्या नावानं, गव्हाच्या भावाच्या नावानं, रानडुकरांच्या नावानं, खताच्या किमतीच्या नावानं. असा तास-दीड तास गेला. मग तो बोलता बोलता थांबला. बांधावर बसला. पाणी शेवटच्या वाफ्यात शिरत होतं, त्याचा चुळुक चुळुक आवाज. वर आभाळात मृग नक्षत्र डोक्यावरून कलायला आलेलं. चांदण्या इतक्या, की त्यांना शहरातून कुणी हाकलून लावल्यासारख्या इथं दाटीवाटीनं बसलेल्या. तंबाखू मळत मेहुणा वर बघून म्हणाला, ‘‘ह्यांची बी लाईट रातचीच.’’

मला तर हसूच आवरेना. तो हसला नाही. त्यानं ती तक्रार म्हणूनच नोंदवली होती.

सकाळी आम्ही हरभऱ्याच्या कडेनं परत आलो. हरभऱ्यावर पहाटे जे दव साचतं ते आंबट असतं. त्याला आंब म्हणतात. जुन्या बाया रात्री पिकावर धडुतं पसरून सकाळी पिळून ती आंब बाटलीत भरून ठेवायच्या, पोटदुखीवर. मेहुणा म्हणाला, ‘‘पायताण घाला दाजी, पाय उलत्याल.’’ मी काढलेल्या चपला परत घातल्या. शहाणी माणसं ओल्या गवतातून अनवाणी चालायला सांगतात. ती हरभऱ्यातून चाललेली नसावीत.

मेहुण्याचं बाकी सगळं रान उसाखाली. फक्त वीस गुंठे ज्वारी, घरच्या भाकरीपुरती आणि हुरड्यापुरती. अख्ख्या शिवारात उसाच्या समुद्रात ते एक ज्वारीचं बेट. आणि म्हणूनच सगळ्या शिवारातल्या भोरड्या तिथं. भोरडी म्हणजे पळस मैना. गुलाबी अंग, काळं डोकं. मध्य आशियातून येते. तिकडं चीनच्या शिंच्यांग प्रांतात ती टोळ खाते म्हणून तिच्यासाठी मुद्दाम घरटी बांधून ठेवतात. तिथं तिचा मान जावयासारखा. इथं ज्वारी खाते, म्हणून इथं तिची गाठ सासूबाईंशी.

सासूबाई ऐंशीच्या पुढं. माळ्यावर चढणं आता होत नाही, म्हणून खाली बाजेवर बसून पत्र्याचा डबा बडवतात. एके काळी त्यांची गोफण गावात प्रसिद्ध होती. दगड कधी पाखराला लागला नाही, पण दोन शेजाऱ्यांना लागला. संध्याकाळी पाचच्या सुमाराला भोरड्या आल्या. आधी आभाळात धुराची एक रेघ. मग ती रेघ गोळा झाली, फुगली, वळली, पिळली. कुणीतरी भलं मोठं काळं लुगडं झटकून वाळत घालावं तसं. सळसळ, मग एकदम शांतता, आणि सगळा थवा ज्वारीत. सासूबाईंनी डबा बडवला आणि ज्या शिव्या दिल्या, त्या मराठीच्या कुठल्याही कोशात एका ठिकाणी सापडणार नाहीत. थवा उठला, आभाळभर फिरला आणि पुन्हा बसला. हे अंधार पडेपर्यंत चाललं.

मग डबा खाली ठेवून त्या मला म्हणाल्या, ‘‘पावणं, काल लई व्हती. आज थोडी कमी वाटत्यात का?’’

‘‘बरंच झालं की, आई.’’

‘‘बरं कशाचं? गेली कुठं मग?’’ आणि त्या डोळ्यांवर हात धरून उसाच्या फडाकडं बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी हुरडा झाला. गूळभेंडीची कणसं, आगटीतल्या गोवऱ्यांचा निखारा, हाताच्या तळव्यावर चोळून फुंकर मारायची आणि तोंडात टाकायचं. सोबत जवसाची चटणी आणि गूळ. हल्ली हुरडा पार्टी म्हणून याचं तिकीट असतं, उंटावर बसायला मिळतं, संध्याकाळी लावणी असते. आमच्याकडं फक्त हुरडा होता. भोरड्यांनी उरवलेला. निघताना मेहुण्यानं गाडीत पोतंभर सामान टाकलं. हरभऱ्याचे डहाळे, पेरू, दहा ऊस, हुरड्याची कणसं, आणि नको नको म्हणताना एक कोंबडी. त्या वहीनं माझी सवय बिघडवली होती. मी म्हणून बसलो, ‘‘थँक्यू बरं का.’’

मेहुण्याचा चेहरा पडला. ‘‘काय झालं दाजी? काय चुकलं का आमचं? परत यायचं न्हाई का?’’

घरी येईपर्यंत बायको माझ्याशी एक शब्द बोलली नाही. आभार मानून मी तिच्या माहेरचा हिशेबच मिटवून टाकला होता.

संक्रांतीच्या दिवशी लेकीनं वहीचे फोटो पाठवायला लावले आणि थोड्या वेळानं फोन केला. ‘‘बाबा, ही आभाराची वही आहे? यात सगळ्या तक्रारी आहेत. ‘पट्टकादंबांनी हरभरा खाल्ला.’ ‘चांदण्या जास्त असल्यानं मान दुखली.’ ‘भोरड्या कालच्यापेक्षा कमी.’ हे काय आहे?’’

माझ्या आत मराठीचा मास्तर जागा झाला. म्हटलं, ‘‘बाळ, तू बारामतीची. मोरोपंत १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मले, पण नाइकांच्या आश्रयाला इथं आले आणि १७९४ साली इथंच गेले. एकशे आठ रामायणं रचणारा माणूस. त्यांनी शेवटी देवाला जे आळवलं, त्याचं नाव काय ठेवलं? केकावली. केका म्हणजे मोराचं ओरडणं. ढग दिसला की मोर जे ओरडतो ना, ते ऐकून कुणालाही वाटेल याला काहीतरी चावलं. पंतांनी देवाला विनवलं, हट्ट केला, मधूनमधून टोमणेही मारले. भक्तीचं नाव ओरडणं ठेवणारं हे आपलं गाव. इथं तू मला गुळगुळीत कागदावर धन्यवाद लिहायला सांगतेस.’’

पलीकडं जरा वेळ शांतता. मग ती म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही लेक्चर देताय म्हणजे मन हलकं झालंय. चालू ठेवा.’’ आणि तिळगूळ घ्या, गोड बोला असं म्हणून तिनं फोन ठेवला.

चालू ठेवली. फेब्रुवारी लागला. उन्हाला चटका आला, परीट शेजाऱ्यांकडून दिसेनासा झाला, फडातल्या कोप्या एकेक करून मोडायला लागल्या. वहीची शेवटची चार पानं राहिली होती आणि बायकोनं त्यांच्यावर दुधाचा हिशोब लिहायला सुरुवात केली होती. एका सकाळी साडेसहाला मेहुण्याचा फोन.

‘‘दाजी, आली बघा तुमची पाखरं. काल सांजच्याला. शेपाचशे असत्याल.’’

‘‘फ्लेमिंगो?’’

‘‘तीच की. पाणी मागं सरलं. आमची मोटर उघडी पडायला आली. आता पाइप अजून दोनशे फूट फुडं न्यावा लागतोय, केबल न्यावी लागतीय. इथं आमी पाण्यामागं पळायचं आन् ही मदी उभी. डोकं उलटं करून खात्यात, वर बघत बी न्हाईत. रातभर आवाज.’’

‘‘दिसतात कशी पण?’’

तो थांबला. मागं काठावर कुणीतरी बादली आपटली, दूर कुठं इंजिन सुरू झालं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मला वाटलं फोन कट झाला.

‘‘बरी हायेत,’’ तो म्हणाला. मग लगेच घसा खाकरला. ‘‘बघायला येणार असाल तर येताना बारामतीतनं दोनशे फूट केबल घिऊन या. हितं महाग देत्यात.’’